वेग कुठे मोजायचा? वेब फ्रेमवर्कच्या निवडीचा आढावा

चारकोपच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत आणि सेक्टरांमधल्या बैठ्या घरांवर चढलेल्या मजल्यांत आता छपाई, प्लास्टिक नि इंजिनिअरिंगच्या जोडीने वेबसाइटचं कामही चालतं. दोन-तीन माणसं, तेवढेच लॅपटॉप, आणि गिऱ्हाईक म्हणजे हाउसिंग सोसायट्या, कोचिंग क्लास, पतपेढ्या, सराफ, पॅथॉलॉजी लॅब. नवं काम हातात आलं की पहिला वाद ठरलेला: जँगो की लाराव्हेल, नोड की गो, पुढच्या बाजूला रिअ‍ॅक्ट हवं की नको. वाद रंगला की कोणीतरी बेंचमार्कचा तक्ता उघडतं आणि वरची दोन-चार नावं वाचून दाखवतं.

तक्ता खोटा नसतो. तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो प्रश्न मात्र बहुतेक वेळा आपला नसतो. माझं मत आधीच सांगतो: आपल्या आसपासच्या दहातल्या नऊ कामांत फ्रेमवर्कचा स्वतःचा वेग हा निवडीचा शेवटचा निकष असायला हवा. साइट मंद होते ती डेटाबेसपाशी, अंतरापाशी आणि गिऱ्हाइकाच्या फोनपाशी. आणि ज्या दोन गुणांवर साइट पाच वर्षं टिकते, म्हणजे फ्रेमवर्कमागची माणसं किती काळ ते सांभाळणार आणि ते मराठी नीट हाताळतं का, त्यांचा तर कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे चारकोपच्या माणसाला समजावणं सोपं आहे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’ योजना राबवली. आखलेला छोटा भूखंड, रस्ता, पाणी, गटार एवढं मिळालं आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधलं. वेब फ्रेमवर्क हेच करतं. लॉगिन, पासवर्डची जपणूक, डेटाबेसशी बोलणं, फॉर्ममधली माहिती तपासणं, पत्ता वाचून योग्य पान पुढे करणं ही सगळ्यांना लागणारी कामं ते आयती देतं. सोसायटीचं बिल की लॅबचा रिपोर्ट, हे आपण बांधायचं. काही फ्रेमवर्क सगळ्या सोयी करून देतात, त्यांना फुल-स्टॅक म्हणतात. काही फक्त रस्ता आणि नळ देतात, ती मायक्रो.

फुल-स्टॅक घराण्यातलं रूबी ऑन रेल्स २००४ मध्ये ३७सिग्नल्स या कंपनीच्या बेसकॅम्प या उत्पादनाच्या कामातून डेव्हिड हायनेमायर हॅन्सनने वेगळं काढलं. जँगो २००५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या कचेरीतून बाहेर आलं. तिथे बातमीच्या वेळेत पान उभं करावं लागे, म्हणूनच संपादकाला मजकूर भरता येईल असा तयार अ‍ॅडमिन त्यात पहिल्यापासून आहे. पीएचपीच्या जगात टेलर ऑटवेलचं लाराव्हेल २०११ मध्ये आलं. जावाकडे स्प्रिंग आणि २०१४ पासून स्प्रिंग बूट. मायक्रोसॉफ्टकडे २०१६ पासून लिनक्सवरही चालणारं एएसपी डॉट नेट कोअर. मायक्रो घराण्यात पायथनची फ्लास्क (२०१०) आणि फास्टएपीआय (२०१८), नोडवरचं एक्स्प्रेस (२०१०), गो भाषेतलं जिन, रस्टमधलं अ‍ॅक्टिक्स. मागच्या बाजूची, म्हणजे सर्व्हरवरची, मुख्य मंडळी ही.

आता त्या प्रसिद्ध तक्त्याकडे येऊ. टेकएम्पॉवर या अमेरिकन कंपनीने मार्च २०१३ मध्ये फ्रेमवर्कच्या वेगाच्या चाचण्या जाहीर करायला सुरुवात केली. सारख्याच यंत्रांवर शेकडो फ्रेमवर्कना तीच सहा कामं दिली जातात: साधा मजकूर परत करणं, जेसन परत करणं, डेटाबेसमधून एक ओळ वाचणं, वीसपर्यंत ओळी वाचणं, ओळी बदलून परत लिहिणं, आणि ‘फॉर्च्युन्स’. यांतली शेवटची मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. टेबलातल्या बारा सुभाषितांच्या ओळी वाचायच्या, तेराव्या ओळीची भर तिथल्या तिथे घालायची, सगळ्या क्रमाने लावायच्या आणि पान तयार करून द्यायचं. त्या बारांमध्ये मुद्दाम एक ओळ घातक स्क्रिप्टची ठेवली आहे, ती निष्प्रभ करून दाखवली पाहिजे. आणखी एक ओळ जपानी आहे, ती न तुटता दिसली पाहिजे. खऱ्या पानाच्या जवळ जाणारं हे एकच काम त्या तक्त्यात आहे. त्याच्या उलट साध्या मजकुराच्या चाचणीत एका जोडणीवरून सोळा मागण्या एकदम ढकलल्या जातात. असा ब्राउझर जगात कुणी वापरत नाही.

निकालांचा ढाचा वर्षानुवर्षं तोच आहे. रस्ट, सी प्लस प्लस, जावा, सी शार्प, गो यांतली हलकी फ्रेमवर्क वर. रेल्स, जँगो, लाराव्हेल खाली, आणि फरक दुप्पट-तिप्पट नव्हे तर बऱ्याचदा दहा-वीस पट किंवा त्याहूनही जास्त. कारणं सरळ आहेत. वरच्यांचा कोड आधीच यंत्रभाषेत उतरलेला असतो किंवा चालता चालता उतरतो. डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहताना ते हात बांधून बसत नाहीत, दुसरी मागणी घेतात. आणि मधे ओआरएम (डेटाबेसशी बोलणारा थर), सेशन, भाषांतर, परवानग्या अशा चाळण्या नसतात. तक्त्यात आणखी एक गोष्ट असते, ती फार थोडे लोक वाचतात: प्रत्येक नोंदीला ‘रिअ‍ॅलिस्टिक’ किंवा ‘स्ट्रिप्ड’ असा शिक्का आहे. स्ट्रिप्ड म्हणजे स्पर्धेसाठी खरवडून काढलेला कोड, जसा रोजच्या कामात कोणी लिहीत नाही. तक्ता उघडलात तर आधी हा शिक्का बघा, मग फक्त फॉर्च्युन्सचा रकाना, आणि त्यातही तुमच्यासारखीच घडण असलेल्या फुल-स्टॅकांची आपसांतली तुलना. तेवढ्यापुरता तो तक्ता सोन्यासारखा आहे.

मग दहा-वीस पटींचा फरक आपल्या कामात दिसत का नाही? हिशोब करून पाहू. तीनशे घरांच्या सोसायटीची बिलांची साइट घ्या. जँगोवरचं एक पान तयार व्हायला पन्नास मिलिसेकंद लागतात असं धरू, म्हणजे एक वर्कर (मागण्या हाताळणारी एक प्रक्रिया) सेकंदाला वीस पानं देतो. साध्या भाड्याच्या सर्व्हरवर चार वर्कर ठेवले तर सेकंदाला ऐंशी. तीनशेच्या तीनशे घरांनी बिलाचा मेसेज पाहून एकाच मिनिटात साइट उघडली तरी सेकंदाला पाच मागण्या होतात. उरलेल्या पंचाहत्तरांची ताकद रिकामी बसून राहते. तिथे रस्ट आणून ती ऐंशीची हजार केली तर सोसायटीच्या सेक्रेटरींना काडीचा फरक कळणार नाही. पण ते लिहायला लागलेले जादा महिने बिलात दिसतील.

त्याच साइटवर मंदपणा खरोखर कुठून येतो, तेही बघा. बिलांची यादी: शंभर बिलं, प्रत्येकासमोर घरमालकाचं नाव. नवा मुलगा सरळ लूप लिहितो. बिलं आणायला एक क्वेरी, आणि प्रत्येक बिलाचा मालक आणायला एकेक, अशा एकशे एक क्वेऱ्या जातात. डेटाबेस त्याच यंत्रावर असेल आणि प्रत्येक क्वेरीला एक मिलिसेकंद लागला, तर दशांश सेकंदात काम होतं आणि चूक लपून राहते. पुढे कोणीतरी डेटाबेस स्वस्तात मिळाला म्हणून सिंगापूरला हलवतं. मुंबई-सिंगापूर फेरी साठ मिलिसेकंदांची धरली, तर तेच पान सहा सेकंदांवर जातं. मग बैठकीत ठरतं की ‘जँगो स्लो आहे’. या आजाराला ‘एन प्लस वन’ म्हणतात आणि औषध एका ओळीचं आहे: जँगोत ‘सिलेक्ट रिलेटेड’, रेल्समध्ये ‘इन्क्लूड्स’, लाराव्हेलमध्ये ‘विथ’. रस्टमध्ये हाच लूप लिहिला असता तरी सहा सेकंदच लागले असते. एन प्लस वनची चूक जे चटकन दाखवतं, ते फ्रेमवर्क मला वेगवान वाटतं. लाराव्हेल आणि रेल्स दोन्हींत अशी आळशी क्वेरी केली तर सरळ एरर देण्याची सोय आहे, आणि जँगोचा डीबग टूलबार पानावरच क्वेऱ्यांची यादी मांडतो.

अंतराचं गणित तर भौतिकशास्त्राचं आहे. मुंबईपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हर्जिनियापर्यंत सुमारे तेरा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. नवी सुरक्षित जोडणी व्हायला आणि पहिलं उत्तर यायला अशा तीन फेऱ्या लागतात. सहाशे मिलिसेकंद नुसते प्रवासात गेले, फ्रेमवर्कने अजून तोंडही उघडलेलं नाही. अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आपलं सर्व्हरकेंद्र सुरू केलं आणि हा प्रवास काही मिलिसेकंदांवर आला. स्वस्त म्हणून अजूनही परदेशातलं होस्टिंग घेणाऱ्यांनी फ्रेमवर्क बदलण्याआधी सर्व्हरचा पत्ता बदलावा.

‘पण लोड आला की?’ असं विचारलं जातं, आणि उदाहरण हमखास निकालाच्या दिवसाचं असतं. १६ जुलै २०२१चा दिवस महाराष्ट्राला आठवत असेल. कोविडमुळे परीक्षा रद्द झालेल्या, अंतर्गत मूल्यमापनावरचा दहावीचा निकाल दुपारी एकला लागायचा होता. जवळपास पावणेसोळा लाख मुलं. निकालाच्या साइट कित्येक तास उघडेनात आणि शेवटी शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. आत कोणती यंत्रणा होती यात मी जात नाही. पण प्रश्नाचा स्वभाव बघा. निकाल एकदा लागला की तो बदलत नाही. मुलाचा निकाल दोन किलोबाइटचा धरला तर सगळ्या महाराष्ट्राचा निकाल सव्वातीन गिगाबाइटच्या आत बसतो, साध्या लॅपटॉपच्या मेमरीत मावेल एवढा. आदल्या रात्री प्रत्येक आसन क्रमांकाची तयार फाइल करून ती सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणच्या साठवण-सर्व्हरांवर, पसरली, तर दुपारी एक वाजता कुठल्याच फ्रेमवर्कला काही करायचं उरत नाही. ज्या पानाला विचार करावा लागत नाही, ते पान फ्रेमवर्ककडे पाठवूच नये.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. सकाळी दहाला एसीचं आणि अकराला बाकीचं बुकिंग उघडतं, तेव्हा लाखो लोक त्याच मोजक्या जागांवर हात ठेवतात. इथे फाइल करून ठेवता येत नाही. एक जागा दोघांना जाऊ नये म्हणून कुलूप लावावं लागतं आणि रांग तिथेच लागते. ही रांग डेटाबेसची आहे. फ्रेमवर्क दहापट वेगवान केलं तर लोक त्याच रांगेत दहापट लवकर येऊन उभे राहतील.

वेग खरोखर निर्णायक ठरतो अशा जागा आहेत, त्या नाकारायच्या नाहीत. हजारो लोकांच्या जोडण्या तासन् तास उघड्या ठेवायच्या असतील, चॅट असेल, लिलाव असेल, बेस्टच्या बसची जागा नकाशावर हलती दाखवायची असेल, तर घडणच वेगळी लागते. एलिक्सिर भाषेतल्या फिनिक्सने २०१५ मध्ये एका यंत्रावर वीस लाख जोडण्या एकाच वेळी धरून दाखवल्या. तिथे पारंपरिक पीएचपीने जाऊ नये. दुसरी जागा म्हणजे प्रचंड आकार. ट्विटर रेल्सवर सुरू झालं आणि वाढल्यावर त्याचा मोठा भाग जावाच्या यंत्रणेवर, स्काला भाषेत गेला. पण इन्स्टाग्राम जँगोवर वाढलं, गिटहब आणि शॉपिफाय रेल्सवर. चारकोपच्या गाळ्यातल्या कामाला त्या आकाराची भीती घालणं मला गैर वाटतं.

पुढच्या बाजूला, म्हणजे ब्राउझरमध्ये, मात्र मी वेगाला बराच वर घेतो. कारण सर्व्हर आपण निवडतो, फोन गिऱ्हाईक निवडतं. इथला प्रमाण तक्ता स्टेफान क्राउसेचा: हजार ओळी तयार करा, दर दहावी ओळ बदला, दोन ओळींची अदलाबदल करा, सगळं पुसा. शुद्ध जावास्क्रिप्टच्या तुलनेत कोण किती मागे, हे त्यात कळतं. सॉलिड आणि स्वेल्ट अगदी जवळ असतात, व्ह्यू मधे, रिअ‍ॅक्ट मागे. पण हजार ओळी कुठल्या सोसायटीच्या पानावर असतात? इथे खरा बोजा असतो तो आधी उतरवून घ्याव्या लागणाऱ्या कोडचा. रिअ‍ॅक्ट आणि त्याचा डॉम भाग दाबून चाळीस किलोबाइटच्या वर जातात, तर तसंच वागणारं प्रिअ‍ॅक्ट चारच्या आसपास. त्यावर तारखा, आलेख, फॉर्म यांच्या लायब्रऱ्या चढत चढत गाडी मेगाबाइटवर जाते, आणि विरार लोकलच्या डब्यात, जुन्या अँड्रॉइडवर, पान आलेलं दिसतं पण बटण दाबलं तर हूं की चूं करत नाही. गूगलनेही मार्च २०२४ पासून हेच आपल्या मुख्य निकषांत घेतलं आहे: दाबल्यापासून पडदा हलेपर्यंत दोनशे मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं. फॉर्म, यादी आणि बिल एवढंच असेल तर सर्व्हरवरच पान तयार करावं आणि जिथे हालचाल हवी तिथे एचटीएमएक्ससारखी छोटी मदत घ्यावी. रिअ‍ॅक्ट किंवा त्यावर उभं असलेलं नेक्स्ट जेएस गुंतागुंतीच्या पडद्यांसाठी उत्तमच आहे. प्रत्येक कामाला तेच लावायची सवय कोर्सवाल्यांनी लावली आहे, कारण फुल-स्टॅकच्या नावाखाली शिकवतात ते तेवढंच.

या आढाव्यात आपल्या घरचं एक नाव यायलाच हवं. विद्याविहारला कार्यालय असलेल्या मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने, रुषभ मेहता यांच्या पुढाकाराने, ईआरपीनेक्स्ट नावाची व्यवसायाची हिशोबप्रणाली उभी केली आणि तिच्या खालचं फ्रेमवर्कही एमआयटी परवान्यावर सगळ्यांना खुलं केलं. पायथन, जावास्क्रिप्ट आणि मारियाडीबी असा त्याचा साचा. त्यातली मुख्य कल्पना ‘डॉकटाइप’ची. समजा पतपेढीला कर्ज-अर्जाची नोंदवही हवी आहे. पडद्यावर रकान्यांची नावं भरायची: अर्जदार, रक्कम, जामीनदार, तारीख; आणि कोण पाहील, कोण मंजूर करेल ते सांगायचं. जतन केलं की डेटाबेसचं टेबल, भरायचा फॉर्म, यादी, शोध, परवानग्या आणि बाहेरच्या अ‍ॅपसाठी एपीआय एकदम तयार होतात. फ्लास्कमध्ये हेच हाताने करायला आठवडे जातात. किंमत अर्थातच मोजावी लागते: प्रत्येक नोंद जतन होताना परवानग्या, नियम, इतिहास अशा पायऱ्या चढते, म्हणून नुसत्या वेगाच्या शर्यतीत ते हलक्या फ्रेमवर्कांपुढे टिकणार नाही, आणि एका मोठ्या आवृत्तीतून दुसरीत जाताना कष्ट पडतात. लाखो वाचकांच्या बातम्यांच्या साइटला मी ते सुचवणार नाही. पण नोंदवह्या, बिलं आणि मंजुऱ्या हे ज्या कामाचं पोट आहे, आणि उपनगरातली बहुतेक कामं तशीच आहेत, तिथे काम उरकण्याच्या वेगात त्याच्या तोडीचं मी फार थोडं पाहिलं आहे.

आता टिकाऊपणा. ब्राउझरमधल्या अँग्युलर जेएस या फ्रेमवर्कवर २०१२-१३ मध्ये कितीतरी साइट उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये नवं अँग्युलर आलं ते जवळजवळ वेगळंच फ्रेमवर्क होतं, आणि जुन्याचा आधार ३१ डिसेंबर २०२१ला संपला. ज्या छोट्या गिऱ्हाइकांनी एकदाच पैसे मोजून साइट करून घेतली होती, त्यांच्यापुढे पुन्हा लिहून घेणं किंवा दुरुस्त्या बंद झालेल्या कोडवर बसून राहणं, एवढेच मार्ग उरले. रस्टमधलं अ‍ॅक्टिक्स तक्त्यांत वरच्या नावांत झळकत होतं, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये त्याचा मूळ लेखक असुरक्षित कोडवरच्या टीकेला कंटाळून बाजूला झाला. प्रकल्प इतरांनी सावरला, पण इतकं काम एका माणसाच्या मनःस्थितीवर टेकलेलं होतं हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणून मी आधी वेळापत्रक वाचतो. जँगोच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीला तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. एप्रिल २०२५ची ५.२ एप्रिल २०२८ पर्यंत चालेल. लाराव्हेल दरवर्षी नवी मोठी आवृत्ती काढतं आणि तिला दोन वर्षं सुरक्षा देतं. अँग्युलरच्या आवृत्तीचं आयुष्य दीड वर्षाचं. गिऱ्हाइकाशी एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, करताना हे आकडे करारात दिसले पाहिजेत, कारण अपग्रेडचे दिवस कोणाच्या खिशातून जाणार, यावरच पुढे भांडणं होतात.

सुरक्षा याच गोष्टीचा दुसरा भाग. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकन पतमाहिती कंपनीतून सुमारे पावणेपंधरा कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, ती अपाचे स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधल्या भोकातून. दुरुस्ती मार्चमध्ये आली होती. चोर मेमध्ये शिरले. मधल्या काळात ती बसवली गेली नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये दहापैकी दहा गंभीरतेचं भोक सापडलं आणि नेक्स्ट जेएसवाल्यांना रातोरात अपडेट करावं लागलं. भोक कुणातही निघेल. दुरुस्ती किती तासांत येते आणि ती चढवायला आपल्याला किती वेळ लागतो, हे विचारायचं.

राहिला तो मराठीचा रकाना. फॉर्च्युन्समधली जपानी ओळ मला इथे आठवते. ती बरोबर दिसली म्हणजे युनिकोड सांभाळला, असं मानलं जातं. पण जपानीत मात्रा-वेलांट्या नाहीत, आणि आपली गाडी नेमकी तिथे घसरते.

जँगोत लेखाच्या शीर्षकावरून पत्ता तयार करणारं ‘स्लगिफाय’ घ्या. त्याला ‘चारकोप’ दिलं तर मूळ सेटिंगमध्ये उत्तर येतं रिकामं. सगळी अक्षरं गाळली जातात. युनिकोड चालू दे असं सांगितलं तर येतं ‘चरकप’. ‘कांदिवली’चं होतं ‘कदवल’. कारण पायथनच्या नियमात अक्षर म्हणजे फक्त मूळ अक्षर. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही जोडचिन्हं त्यात धरलेली नाहीत. रेल्सचं ‘पॅरामीटराइझ’ही देवनागरी शब्दाला रिकामी जागाच देतं. दोन मराठी लेखांचे पत्ते रिकामे निघाले की दुसरा लेख जतनच होत नाही आणि संपादक सर्व्हरला दोष देत बसतो. जोडचिन्हांचा वर्ग नियमात घातला की काम होतं, पण ते आपल्याला माहीत असावं लागतं.

लांबीचं तसंच. ‘ज्ञानेश्वर’ आपल्या दृष्टीने चार अक्षरं, यंत्राच्या दृष्टीने दहा चिन्हं, साठवणीत तीस बाइट. शीर्षक आखूड करणाऱ्या कोडने आठ चिन्हांवर कात्री चालवली तर ‘ज्ञानेश्’ असं पाय मोडकं नाव पडद्यावर राहतं. आडनाव ‘कऱ्हाडे’ तीन तऱ्हांनी टंकलं जातं: थेट ऱ वापरून, र आणि नुक्ता जोडून, किंवा र आणि हलन्त यांच्यानंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखीच. शोधात मात्र पतपेढीच्या एका खातेदाराची तीन माणसं होतात. युनिकोडचं सामान्यीकरण पहिल्या दोघांना एक करतं. तिसऱ्याची सोय आपण करायची. वर्णक्रमात ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात हे डेटाबेसला सांगितलं नाही तर तो ळ ला ल आणि व यांच्या मधे बसवतो आणि क्ष ला क च्या खाली. आणि सगळ्यांत जास्त डोकेदुखी पीडीएफची: अक्षरं जुळवण्याचं काम न करणारी लायब्ररी असेल तर बिलावर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. ब्राउझरच्या इंजिनातून किंवा वीझीप्रिंटसारख्या लायब्ररीतून छापलं तर ते टळतं.

या कसोट्या मी आता वेगाच्या आधी लावतो, आणि माझा निवाडा त्यावरून असा आहे. अंतर्गत नोंदी आणि हिशोबाचं काम असेल तर फ्रॅपे. मजकुराची, अर्जांची, खात्यांची साइट असेल तर टीमला जे येतं ते, जँगो किंवा लाराव्हेल; साध्या होस्टिंगवर चालायचं असेल आणि पुढे सांभाळायला माणूस सहज मिळायला हवा असेल तर लाराव्हेल. मोठी कंपनी, बँक किंवा सरकारी ऑडिट मागे असेल तर स्प्रिंग बूट किंवा डॉट नेट, कारण तिथे वेगही मिळतो आणि आधारही. गो आणि रस्ट, एखादी सेवा खरोखर तापलेली मोजून दिसली तर, तेवढ्या सेवेपुरती.

आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरला एक विनंती. ही सगळी फ्रेमवर्क खुली आहेत. चूक सापडली की ती आपल्या कोडमध्ये झाकून पुढे जाऊ नका, प्रकल्पाकडे नोंदवा, आणि दुरुस्तीबरोबर ‘चारकोप’, ‘कऱ्हाडे’, ‘ज्ञानेश्वर’ हे तीन शब्द त्यांच्या चाचण्यांत घालून द्या. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.